मतांचा कौल, मनांचा कल

रविवारची सकाळची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात माणसे थोडा वेळ रेंगाळतात. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाची इमारत पुनर्विकासाला गेली, गोराईच्या जेटीवर किती गर्दी होती, अशा गोष्टी होतात आणि मग मंडळी बेकरीतून पाव घेऊन घरी परततात. धर्मगुरूच्या दृष्टीने ही पंधरा मिनिटे प्रवचनाइतकीच महत्त्वाची असतात. कारण प्रवचनात मी बोलतो आणि आवारात मला ऐकायला मिळते. २ जून २०२४ या रविवारी मात्र जे कानी पडले, त्याने मी अस्वस्थ झालो आणि ती अस्वस्थता अद्याप पुरती गेलेली नाही.

त्या दिवशी ख्रिस्तशरीराचा सण होता. आम्हा बोरीवलीकरांचे मतदान २० मे रोजीच होऊन गेले होते; परंतु देशातील शेवटच्या टप्प्याचे मतदान आदल्या दिवशी, १ जूनला संपले आणि त्या संध्याकाळी सर्व वाहिन्यांवर मतदानोत्तर चाचण्यांचे, म्हणजे एक्झिट पोलचे आकडे झळकले. बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक जागा दिल्या होत्या. आवारात सरळ दोन गट पडले होते. एक गट पेढे कधी वाटायचे याचा विचार करीत होता. दुसरा गट म्हणत होता, “सगळे आकडे विकत घेतलेले आहेत.” ४ जूनला निकाल लागला. आघाडीला २९३ जागा मिळाल्या, भारतीय जनता पक्षाला एकट्याला २४०. पुढच्या रविवारी दुसरा गट प्रसन्न होता आणि पहिल्या गटातील एक गृहस्थ मला गंभीरपणे सांगत होते की, चाचण्या घेणाऱ्यांनी मुद्दाम मोठे आकडे दाखवून कार्यकर्त्यांना गाफील ठेवले. शेवटच्या टप्प्याचे मतदान संपल्यावर दाखविलेल्या आकड्यांनी कोणाला आणि कशासाठी गाफील ठेवायचे, हे मी त्यांना विचारले नाही.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. २३ तारखेला निकाल लागला आणि २४ ला ख्रिस्तराजाचा सण होता. महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळाल्या होत्या. बहुतेक चाचण्यांनी इतक्या दिल्या नव्हत्या. आता दोन्ही गटांनी एकमेकांची वाक्ये जणू उसनी घेतली. जूनमध्ये ज्यांना मतदानयंत्रे निर्दोष वाटली होती, त्यांना ती संशयास्पद वाटू लागली. आणि ज्यांनी जूनमध्ये लोकांना कोणीतरी खोटे सांगून फसविले असे म्हटले होते, त्यांना जनता एकाएकी सुज्ञ वाटू लागली. पंचवीस वर्षे एकाच बाकावर शेजारी बसणारे आमचे दोन श्रद्धावंत त्या सणाच्या दिवशी मध्ये रिकामी वाट ठेवून दोन बाजूंना बसले. शांतीचे चिन्ह देण्याच्या वेळी दोघांनीही समोर पाहिले. निवडणुकीचा निकाल पाच वर्षांत जुना होतो. ती रिकामी वाट किती दिवस टिकेल, हे मला सांगता येईना.

येथपर्यंत वाचून सुज्ञ वाचकांना वाटेल की, फादर आता दोन्ही बाजूंना चार शहाणपणाचे बोल सुनावणार. त्या अधिकाराने मी लिहू शकत नाही. कारण या प्रकरणातील सर्वांत अविचारी वाक्य माझ्याच तोंडून गेले आहे.

विधानसभेचे मतदान झाले त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी एका इमारतीत लघुसमूहाची सभा होती. प्रार्थना आटोपली, चहा आला आणि बोलणे अर्थातच आदल्या रात्रीच्या आकड्यांवर गेले. मी हसत म्हणालो, “पैसे टाकले की हवा तो आकडा मिळतो.” सगळे हसले. आईबरोबर आलेली एक पदवीधर मुलगी तेवढी हसली नाही. आठवड्याने ती कार्यालयात आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “फादर, तुम्ही त्या दिवशी बोललात ते माझ्याविषयी होतं. त्यातले थोडे आकडे मी गोळा केलेत.”

मी तिला बसविले आणि तासभर ऐकले. मतदानापूर्वी जनमत चाचणी करणाऱ्या एका संस्थेसाठी तिने दहिसर ते कांदिवली या पट्ट्यात घरोघर हिंडून मुलाखती घेतल्या होत्या. मोठ्या मनोऱ्यांत पहारेकरीच तिला वर सोडीत नसे. मग यादीतले घर सोडून दुसरे शोधावे लागे. चाळीत उलट अडचण. एकाला प्रश्न विचारावा तर दहाजण जमत आणि दहाजणांचे मिळून एक उत्तर येई. किती तरी बायका उत्तर देण्यापूर्वी नवऱ्याकडे पाहत. आमच्याच गावठाणातल्या एका म्हातारीने तिला सरबत दिले आणि म्हणाली, “तुला काय वाटतं ते लिही गो बाय.” परंतु बहुतेक दारांत पहिला प्रश्न तिलाच विचारला जाई: “कोणाकडून आलीस?” ती संस्थेचे नाव सांगे. त्यावर, “ते झालं गं, पण खरी कोणाकडून?”

तिच्या काही सोबत्यांनी चहाच्या टपरीवर बसून मुलाखती स्वतःच भरल्या, हेही तिने लपविले नाही. पर्यवेक्षक अधूनमधून लोकांना फोन करून पडताळा घेत. त्यात काही सापडले, काही सुटले. तिने स्वतः तसे केले नव्हते. मात्र एक गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. एका घरात एका वयस्क गृहस्थांनी एका पक्षाचे नाव सांगितले. ती जिना उतरू लागली तेव्हा ते मागून आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “आत पुतण्या बसला होता. माझं मत तिकडे नाही.” नियमाप्रमाणे घरात दिलेले उत्तर तिने आधीच पाठविले होते, आणि जिन्यावरचे बोलणे कोठे नोंदवायचे हे कोणी शिकविले नव्हते. तिने मला विचारले, “फादर, मी खोटं लिहिलं का?”

सेमिनरीत नीतिशास्त्राचा अभ्यास करताना असत्याची व्याख्या आम्ही पाठ केली होती. संत ऑगस्टीन यांचे म्हणणे असे की, जो चुकीची गोष्ट खरी समजून सांगतो तो चुकतो, पण खोटे बोलत नाही. ज्याच्या मनात एक आणि ओठांवर दुसरे, तो खोटे बोलतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही असत्याचे मर्म बोलणाऱ्याच्या मनातच शोधले. म्हणून मी त्या मुलीला म्हणालो, “तू जे ऐकलंस त्याची साक्ष दिलीस. तू खोटं लिहिलं नाहीस. पण ते जिन्यातलं बोलणं पर्यवेक्षकाला कळवायला हवं होतंस.” ती म्हणाली, “कळवलं होतं. ते म्हणाले, असं पुष्कळ होतं.”

चूक आणि खोटेपणा यांतला हा भेद आपण निवडणुकीच्या काळात जवळजवळ विसरून गेलो आहोत. आकडा चुकला की तो विकलेला होता, असा निष्कर्ष आपण तत्काळ काढतो. वास्तविक चुकण्याला पैशाची गरज नसते. नमुन्याची पाहणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. ती खरी ठरते, पण भात सर्वत्र सारखा शिजत असेल तरच. वरची शिते मऊ आणि तळची करपलेली असतील, तर एकच शीत काय सांगणार? १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांकडे मतपत्रिका पाठविल्या, त्यांतल्या वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून लॅन्डन विजयी होतील असे भाकीत केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोनच्या सूचीतून आणि मोटारमालकांच्या यादीतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्याकडे टेलिफोन नव्हता, त्याला कोणी विचारलेच नव्हते. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी थोड्या माणसांना, पण सर्व थरांतल्या माणसांना विचारले, आणि विजेता ओळखला. लॅन्डन यांच्याकडून कोणी पैसे घेतले नव्हते. आमच्या मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याने त्या मुलीला खालीच अडविले, तेव्हाही कोणी पैसे दिले नव्हते.

शिवाय आपल्या देशात मतांचे जागांत रूपांतर करणे हे एक वेगळेच दिव्य आहे. १९८० च्या मध्यावधी निवडणुकीत प्रणय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इंडिया टुडे’साठी केलेली पाहणी खरी ठरली, तेव्हापासून या शास्त्राला आपल्याकडे प्रतिष्ठा आली. परंतु योग्य रीतीने निवडलेल्या हजार माणसांच्या पाहणीतही उत्तर तीनेक टक्के इकडेतिकडे होऊ शकते, हे त्या शास्त्राचे जाणकारच सांगतात. आता २०२४ च्या लोकसभेचा महाराष्ट्र पाहा. दोन आघाड्यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. पण जागा एकीला ३० आणि दुसरीला १७. आमच्या शेजारच्या वायव्य मुंबई मतदारसंघात रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा ४८ मतांनी पराभव केला. अठ्ठेचाळीस! आमच्या सकाळच्या सहाच्या मिस्सेलाही याहून अधिक माणसे असतात. कोणत्या शिताने हा भात ओळखायचा?

ज्येष्ठ वाचकांना २००४ आठवत असेल. आमच्या उत्तर मुंबईतून राम नाईक सलग पाच वेळा लोकसभेवर निवडून गेले होते आणि केंद्रात मंत्री होते. त्यांच्याविरुद्ध चित्रपट अभिनेते गोविंदा उभे राहिले, तेव्हा ही थट्टाच आहे असे मानणारे दोन्ही पक्षांत होते. गोविंदा जिंकले. देशातही बहुतेक चाचण्या वाजपेयी सरकारच्या बाजूने झुकल्या होत्या. प्रत्यक्षात काँग्रेसला १४५ आणि भारतीय जनता पक्षाला १३८ जागा मिळून सरकार बदलले. वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, याच्या नेमके उलट घडले. चाचण्यांनी हरियाणा काँग्रेसला देऊन टाकला होता. ९० पैकी ४८ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. म्हणजे एकाच वर्षात, जूनमध्ये सत्ताधाऱ्यांकडे झुकून चूक, ऑक्टोबरमध्ये विरोधकांकडे झुकून चूक आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सत्ताधाऱ्यांना कमी लेखून चूक. आकडे विकले गेले होते असे म्हणणाऱ्याने, खरेदी करणारा दर दोन महिन्यांनी का बदलत होता, हेही सांगायला हवे. अमेरिकेतही हेच. तेथे २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीपूर्वी रिपब्लिकन पक्षाची लाट येणार अशी मोठी हवा होती. प्रतिनिधिगृहात त्या पक्षाला निसटते बहुमत मिळाले आणि सिनेट डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिले. आमच्या एका कुटुंबातील दोन भाऊ न्यू जर्सीत राहतात. ते त्या काळात एकाच घरात दोन वेगवेगळ्या वाहिन्या लावून बसत, असे त्यांच्या आईने मला सांगितले.

हे सारे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. सर्वांची चूक एकाच दिशेने का होते? पहिल्या राजांच्या पुस्तकात अहाब राजाची कथा आहे. रामोथ गिलादवर स्वारी करावी की नाही, हे त्याने चारशे संदेष्ट्यांना विचारले आणि चारशेही जणांनी विजय सांगितला. सोबतच्या यहोशाफाट राजाला या एकमताचाच संशय आला. आणखी कोणी आहे का, असे त्याने विचारले. अहाबाने मिखायाचे नाव घेतले आणि त्याबरोबरच त्याच्याविषयीचा आपला रागही बोलून दाखविला. हा मनुष्य कधी माझ्याविषयी बरे भाकीत करीत नाही, हीच त्याची तक्रार. मिखायाला बोलावायला गेलेल्या दूताने वाटेत त्याला सल्ला दिला की, इतरांच्या सुरात सूर मिळव.

या कथेत चारशेजणांना लाच दिली होती, असे कोठे लिहिलेले नाही. राजाला काय आवडते हे त्यांना ठाऊक होते आणि शेजारचा काय बोलतो हे त्यांना ऐकू येत होते. आजच्या चाचणीवाल्यांविषयी त्यांच्याच क्षेत्रातील अभ्यासक हीच शंका घेतात. आपला आकडा इतरांपेक्षा फार वेगळा आला की मनुष्य बिचकतो. सर्वांबरोबर चुकलो तर कोणी लक्षात ठेवीत नाही, एकट्याने चुकलो तर दुकान बंद होते. म्हणून तो आकडा हळूच कळपाकडे सरकवितो. हा खोटेपणा आहे की भीती? मला वाटते, जिन्यावर येऊन खरे बोलणाऱ्या त्या गृहस्थांच्या भीतीचीच ही सुशिक्षित बहीण आहे. पण त्या गृहस्थांना पुतण्याबरोबर एका छपराखाली राहायचे होते. तज्ज्ञ म्हणून मानधन घेणाऱ्याला ती सबब मी देणार नाही. त्याच्या मनात एक आकडा असून ओठांवर दुसरा आला, तर ऑगस्टीन यांची व्याख्या त्याला लागू पडते.

आणि निव्वळ खोटेपणाही आहे. तो नाकारणे भाबडेपणा ठरेल. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले की, वेगवेगळ्या वृत्तपत्रांत शब्दशः सारखा स्तुतिपर मजकूर बातमी म्हणून छापून आला होता. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून घरोघर गेला. वृत्तपत्र परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्याकडे चौकशी सोपविली. त्यांनी ७१ पानांचा अहवाल नावानिशी दिला. परिषदेने २०१० मध्ये प्रसृत केला तो त्याचा संक्षेप, आणि मूळ अहवाल बाहेर यायला माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. येथे चूक झाली नव्हती. जाहिरातीला बातमीचे कपडे घातले गेले होते, आणि पैसे देऊन विकत घेतलेल्या कागदावर वाचक आणखी एकदा विकला गेला होता.

पक्षपात आणि हा लबाडपणा या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने १९५६ पासून संयुक्त महाराष्ट्राची बाजू घेतली ती उघड्यावर, डंका पिटून, तो हाती घेणाऱ्या कोणाची फसवणूक होत नव्हती. पक्षाच्या मुखपत्राविषयीही हेच म्हणता येईल. मुख कोणाचे हे ठाऊक असले की त्यातून काय बाहेर पडणार, याचा हिशेब वाचक करतो. गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी पटेना, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. दोन्ही पत्रे एकमेकांवर तुटून पडली. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले हे दोन मित्र होते. पण ‘केसरी’ उघडणाऱ्याला टिळकपक्ष मिळे आणि ‘सुधारक’ उघडणाऱ्याला आगरकरपक्ष. कोणी कोणाचे सोंग घेतले नव्हते. १८९५ मध्ये आगरकर वारले, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. आपल्या आजच्या वाहिन्यांवर निःपक्षपातीपणाची पाटी मोठी असते आणि मालकाचे, जाहिरातदाराचे व सरकारी जाहिरातींच्या रकमेचे नाव कोठेच नसते. माझी तक्रार त्या पाटीविषयी आहे.

म्हणून “कोणाकडून आलीस?” हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. साक्षीदाराचे हितसंबंध न्यायालयही तपासते. जनमत चाचणी प्रसिद्ध करणाऱ्याने ती कोणी करविली, पैसे कोणाचे, किती माणसांना विचारले, कोठे आणि कोणत्या दिवशी, हे सांगितलेच पाहिजे. जो सांगत नाही त्याचा आकडा बाजूला ठेवायला हरकत नाही. प्रश्न आहे तो आपण हे कोणाला विचारतो याचा. जूनच्या त्या रविवारी पेढ्यांचा बेत करणाऱ्यांपैकी एकानेही आकडे कोठून आले हे विचारले नाही. त्यांना नको असलेले आकडे आले असते तर सर्वांनी विचारले असते. मीही नोव्हेंबरमध्ये तेच केले. सभेत जे आकडे मी हसण्यावारी नेले, ते मला नको होते. माझ्या पसंतीचे आकडे देणारी एक चाचणी त्याच रात्री मी दोनदा वाचली होती, आणि ती कोणी केली हे मला आजही आठवत नाही. कौल मनाजोगता पडला नाही की पुन्हा लावायला सांगणारे भाविक असतात, असे माझे एक कोकणी शेजारी सांगत. मनाजोगता पडल्यावर पुन्हा लावायला सांगणारा मात्र त्यांनी पाहिला नव्हता.

आठव्या आज्ञेविषयी बोलताना आपण खोटे बोलणाऱ्याला धारेवर धरतो. पुराव्यावाचून दुसऱ्याला खोटा ठरविणे, हाही त्याच आज्ञेचा भंग आहे, हे माझ्यासारख्यांकडून फारसे सांगितले जात नाही. संत इग्नाती लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या आरंभीच एक अट घातली आहे: शेजाऱ्याच्या म्हणण्याचा आधी चांगला अर्थ लावून पाहावा, लागत नसेल तर त्यालाच विचारावे. त्या मुलीला मी विचारले नव्हते. ती माझ्यासमोर, माझ्याच धर्मग्रामातल्या एका घरात चहाचा कप हातात घेऊन बसली होती आणि मी तिच्या दोन महिन्यांच्या पायपिटीला एका वाक्यात विकाऊ ठरविले. पुढच्या लघुसमूहाच्या सभेत मी माझे शब्द सर्वांसमक्ष मागे घेतले. तिची आई संकोचून म्हणाली, “जाऊ द्या फादर, राजकारणातली गोष्ट ती.” मला ती राजकारणातली वाटली नाही.

त्या दोन बाकांमधली वाट अजून रिकामी आहे. मी दोघांनाही स्वतंत्रपणे भेटलो. दोघांनीही मला दुसऱ्याच्या मोबाइलवर आलेल्या खोट्या बातम्यांचे नमुने दाखविले. काही खरोखरच खोटे होते. गेल्या नाताळात एकाने दुसऱ्याच्या घरी कुसवार पाठविला आणि त्याचे ताट रिकामे परत आले नाही, एवढीच प्रगती आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी धर्मगुरू-निवासाची घंटा वाजली. दारात एक घामाघूम झालेला तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कसलीशी पाहणी होती. आमच्या आचाऱ्याने त्याला “फादर कामात आहेत” म्हणून जवळजवळ परत पाठविले होते; मी हाक मारून आत बोलाविले आणि पाणी दिले. “कोणाकडून आलास?” हे शब्द माझ्या ओठांवर आलेच. त्याने संस्थेचे नाव सांगितले, ओळखपत्र दाखविले. पाहणी कोणासाठी आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि तसे त्याने सरळ सांगितले. मग प्रश्न सुरू झाले. वय, शिक्षण, पाणी, रस्ते, महागाई. मी शांतपणे उत्तरे देत गेलो. शेवटी त्याने विचारले, मतदान उद्या झाले तर मत कोणाला द्याल?

उत्तर देण्यापूर्वी मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. आचारी तेथेच उभा होता.